‘गाव कुठलं तुमचं?’

साताऱ्याच्या स्टँडवर किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू झालं की दुसरं-तिसरं वाक्य ठरलेलं: गाव कुठलं तुमचं? गावामागून आडनाव, आडनावामागून ‘म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी का?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसतं. ओळखीत ओळख निघते का, पाहुण्यांत पाहुणा सापडतो का, एवढंच तो चाचपत असतो. पण उत्तर कानावर पडेपर्यंत त्याचं अर्धं मत बनलेलं असतं. दुष्काळी भागातला म्हणजे काटक पण हात आखडता, नदीकाठचा म्हणजे बागायतदार आणि मिजासखोर, बीडचा म्हणजे ऊसटोळीतला, ‘वरचा’ म्हणजे भैया. पुढचं सगळं बोलणं त्या मतावरून चालतं. कधी चहा येतो, कधी भाड्याची खोली ‘कालच दिली’ असं कळतं.

वंशावरून होणारा भेदभाव म्हटलं की आपल्याला अमेरिका आठवते, फार तर दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे असतो तो जातिभेद, तो वेगळा, असं म्हणून विषय बाजूला ठेवायची सोय आहे. सरकारनेही ती वापरली. २००१ मध्ये डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे यावा म्हणून दलित संघटनांनी धडपड केली आणि जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असं म्हणत भारत सरकारने विरोध केला. शास्त्र म्हणून त्यात तथ्य आहे. खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेचं मूळ वंशात आहे हा सिद्धांत खोडून काढला होता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी त्यासाठी डोकी-नाकं मोजलेल्या आकड्यांचाच आधार घेतला. पण याच बाबासाहेबांनी दोन वर्षं आधी, १९४६ मध्ये, अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाची चौकशी केली. दोन्ही दुखणी एक नाहीत हे त्यांना माहीत होतं. दोन्हींची लक्षणं मिळतीजुळती आहेत हेही.

ही तुलना आपल्याकडे विद्यापीठातून आली असं कोणाला वाटत असेल तर त्याने खटाव तालुक्यातल्या कटगुणची आठवण ठेवावी. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं तिथलं. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव थेट ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तिच्या पहिल्या फळीतले राजा ढाले सांगलीजवळच्या नांद्र्याचे. म्हणजे वंश आणि जात यांची सांगड घालून पाहणं सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांच्या ओळखीचं आहे. फुल्यांनी आर्य-अनार्य हा सिद्धांत त्या काळात जसा मिळाला तसा वापरला, आज तो तसाच्या तसा टिकत नाही, हे मान्य करूनही ही ओळख पुसली जात नाही.

नाव-गाव ऐकताच माणसाबद्दल मत बनवणारा रोजच्या बोलण्यातला साचा कसा काम करतो याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात नेमकं वर्णन साताऱ्याच्याच रेल्वेमार्गावर घडलेलं आहे. साल १९०१. सुभेदार रामजी आंबेडकर तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुलं साताऱ्यात. सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून आगगाडीने निघाले आणि मसूरला उतरले. न्यायला कोणी आलं नव्हतं, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तर आला, आपुलकीने विचारपूस करू लागला. जरीच्या टोप्या, नवे शर्ट, चांगली धोतरं पाहून त्याने ही मुलं ब्राह्मणांची समजली होती. कोण तुम्ही, असं त्याने विचारल्यावर मुलाने आडपडदा न ठेवता सांगितलं, महार. मास्तराचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, दुप्पट भाडं द्यायची तयारी होती, तरी गाडीवान मिळेना. शेवटी तोड निघाली: गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. आंबेडकरांनी ही हकिगत पुढे इंग्रजीत लिहून ठेवली आहे.

या प्रसंगात बहुतेकांना गाडीवानाचा राग येतो. मला तो मास्तर जास्त महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट नाही. धक्का ओसरल्यावर, अर्ध्या तासाने, तोच परत येतो, तुम्ही आता काय करणार असं विचारतो, आणि गाडीवानाशी बोलून मार्ग काढणाराही तोच आहे. साचा आणि दयाबुद्धी एकाच माणसात अशी गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणूनच ‘आमच्या मनात तसं काही नव्हतं’ हे उत्तर मला कधी पुरेसं वाटत नाही. मास्तराच्या मनातही तसं काही नसावं. मुलांना दीडेक तास फलाटावर बसावं लागलं ते त्याच्या मनामुळे नव्हे, त्याच्या खुर्चीमुळे. त्या वेळात मुलांची रात्र कुठे जाणार हे ज्यांच्या हातात होतं, त्यांना एक शब्द कळला आणि त्या शब्दाने निकाल दिला. शब्द किती लागला यापेक्षा तो कोणत्या दारावर उभा आहे हे आधी पाहावं, असं मी म्हणतो ते या मसूरच्या हकिगतीवरून.

दारावर उभा केलेला सगळ्यात जुना शब्द सरकारी आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. रामोशी, बेरड, कैकाडी, पारधी, भामटे, मांग यांच्यातल्या कितीतरी माणसांना पाटलाकडे किंवा चौकीवर हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचं तर दाखला. यातले रामोशी गावगाड्यात रखवालदार होते. गावाने ज्याच्यावर राखण सोपवली त्यालाच कायद्याने चोर ठरवलं, आणि गावाने ते आश्चर्यकारक वेगाने मान्य केलं. साध्या बोलण्यात हे सगळं अजून शाबूत आहे. फसवणारा तो भामटा, निगरगट्ट तो बेरड. बोलणाऱ्याला या नावाची माणसं शेजारच्या वस्तीत राहतात याची आठवणही नसते. भीमराव गस्तींनी सीमाभागातल्या आपल्या समाजाची कहाणी लिहिली तेव्हा पुस्तकाचं नाव ‘बेरड’ हेच ठेवलं. लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ ठेवलं. लक्ष्मण माने फलटण भागातले, कैकाडी समाजातले. १९८० मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘उपरा’, आणि त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिघांनी शिवीच मुखपृष्ठावर छापली. मराठी वाचकाने या पुस्तकांचं कौतुक भरपूर केलं. बोलण्यातला बेरड मात्र होता तिथेच राहिला.

अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांच्या १९५९ च्या ‘फकिरा’त हजेरीचा जाच हा कथेचा कणा आहे. व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातले. ‘माणदेशी माणसं’मधला धर्मा रामोशी वाचून संपतो तेव्हा चोरी आठवत नाही, त्याच्या घरातलं दारिद्र्य आठवतं. माझ्या मते एवढं जमलं की लेखकाचं काम झालं. याच्या उलट टोकाला त्रिंबक नारायण आत्रे. त्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. गावव्यवस्थेची इतकी बारीक माहिती देणारं पुस्तक मराठीत दुसरं नाही. पण भटक्यांबद्दल लिहिताना हा जाणता माणूसही फिरस्ता म्हणजे गावाला पिडणारा याच गृहीतावर चालतो. पुस्तक टाकून द्यावं असं मुळीच नाही. वाचताना लेखक सरकारी नोकरीतला होता हे ध्यानात ठेवावं.

हजेरी बंद करण्याचं धाडस शेजारच्या कोल्हापुरात १९१८ मध्ये शाहू महाराजांनी केलं. देशभरात कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, आणि त्यानंतर, १९५९ मध्ये, मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला. कायद्यातून जमातींची नावं गेली, पोलिसांच्या मनातून गेली नाहीत. वर्तमानपत्रंही यात मागे नाहीत. घरफोडीच्या बातमीत ‘पारधी टोळी’ सहज छापली जाते; गुन्हेगार मोठ्या समाजातला असला की तो नुसता ‘टोळी’तला असतो. गुन्ह्याच्या बातमीत जातीचा उल्लेख टाळावा हे प्रेस कौन्सिलचे नियम सांगतात. तालुक्याच्या वार्ताहराला ते कोणी दाखवले असतील असं वाटत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहिलं की गोंधळ आणखी वाढतो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, त्यातही २०१५ ची दुरुस्ती, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून केलेल्या शिवीगाळीला गुन्हा ठरवतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पण मुळात हा कायदा अनुसूचित जाती आणि जमातींपुरता. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. म्हणजे तीच शिवी नागपुरात एका कायद्याखाली आणि साताऱ्यात, जिथे ‘उपरा’ घडला, तिथे त्या कायद्याच्या बाहेर. रामोशी, बेरड, वडार सगळे बाहेर. फासेपारधी अनुसूचित जमातींत असल्याने आत. ज्याने हे वर्गीकरण केलं त्याच्याकडे कारणं असतील; ऐकून घेणाऱ्याला ती कशी समजावायची हा प्रश्न आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातवार कामं रद्द केली आणि तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारी जी भाषा शिल्लक होती तिच्यावरही बोट ठेवलं. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षं झाली होती.

साचा फक्त खालच्यांवरच बसतो असं नाही. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. गोळी झाडणारा एक होता; शिक्षा आडनाव पाहून वाटली गेली. माडगूळकरांची ‘वावटळ’ त्यावरच आहे. कित्येक कुटुंबं जमीन-वाडे सोडून पुण्या-मुंबईला गेली ती परतली नाहीत. त्या आधी शतकानुशतकं ज्या समाजाने इतरांना आडनावावरून ओळखलं त्यालाच आडनावाने गाठलं, असं म्हणून काही लोक या प्रकरणाचा निकाल लावतात. हिशेबाची ही रीत मला पटत नाही, कारण त्याच रीतीने पुढचा हिशेबही उघडतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका मुसलमान तरुणाचा जीव गेला, तेव्हाही मजकूर कोणी टाकला याची खातरजमा करत बसायला कोणाला वेळ नव्हता.

आता आपल्या लोकांवर बसलेल्या साच्याबद्दल. मुंबईत शंभर-दीडशे वर्षं सातारा-सांगलीचा माणूस ‘घाटी’ आहे. गिरणीत, गोदीत, बाजारात ओझी उचलणारा, पारशी-गुजराती घरांत भांडी घासणारा, अडाणी, भांडखोर, कपड्यांची जाण नसलेला. आजही तिथे कोणाचा पोशाख बटबटीत वाटला तर त्याला घाटी म्हणतात आणि म्हणणारा कित्येकदा मराठीच असतो. गोव्यात हाच शब्द ‘घांटी’ होऊन घाटावरून आलेल्या कोणालाही लागतो. तिथे सांगलीचा ट्रकवाला आणि बिहारचा गवंडी एकाच शब्दात मावतात. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. तेव्हापासून मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला घाटी म्हणण्याआधी थोडा विचार करावा लागू लागला. सभ्यतेचे धडे देऊन हे झालं नसतं. हमाली कोणाला द्यायची हे एकट्या व्यापाऱ्याच्या हाती राहिलं नाही, म्हणून झालं.

खानापूर, आटपाडी, खटाव, माण या कोरडवाहू पट्ट्यातले हजारो लोक सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगले आहेत. केरळातल्या, तमिळनाडूतल्या, उत्तरेतल्या सराफ बाजारांत भट्टी लावून सोनं शुद्ध करायचं. तिथे ते परके, परभाषी, आणि हातात दुसऱ्याचं सोनं. संशयाला याहून सोयीची जागा कोणती? वाड्यावस्त्यांवरची उंच देवळं आणि संगमरवरी बंगले या परक्या माणसांनी तिथे मिळवलेल्या विश्वासावर उभे आहेत. विट्याला यात्रेच्या दिवसांत गलाईवाल्यांच्या गप्पा ऐकाव्यात. भाषा येत नसताना पहिली खोली कशी मिळाली याच्या एकेक सुरस कथा असतात.

आणि याच विट्याच्या यंत्रमागावर, तासगावच्या द्राक्षबागेत, महामार्गावरच्या धाब्यावर काम करणारा उत्तर प्रदेशचा माणूस ‘भैया’ असतो. गंमत म्हणजे इकडच्या कित्येक मराठा घरांत थोरल्या भावालाही भैयाच म्हणतात, गावपुढाऱ्याच्या फ्लेक्सवर ‘भैया’ मोठ्या अक्षरांत असतो. तसंच ‘अण्णा’चं. सांगली-मिरजेकडच्या जैन-लिंगायत घरात अण्णा म्हणजे ज्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही असा माणूस; उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावरचाही अण्णाच, पण त्याच्याशी बोलताना अरेतुरे चालतं. रात्रीचा रखवालदार नेपाळचा असला की त्याचं नाव काहीही असो, तो ‘बहादूर’. मुंबईत साठच्या दशकात दाक्षिणात्यांना ‘यंडुगुंडू’ म्हणून हिणवलं गेलं, २००८ मध्ये उत्तर भारतीयांना मारहाण झाली. सांगली-साताऱ्यात तसं आंदोलन झालं नाही याचं श्रेय आपल्या सहिष्णुतेला द्यायचा मोह होतो. खरं श्रेय बागायतदाराच्या गरजेला आहे. छाटणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही.

जत तालुका आणखी वेगळा. तिथल्या कितीतरी गावांत घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतमधल्या चाळीस गावांवर दावा सांगितला तेव्हा मुंबईच्या वाहिन्यांनी अस्मितेचा गोंधळ घातला, आणि गावांतले लोक पाणी कोण देतंय एवढंच विचारत होते. भाषेवरून माणसाची निष्ठा ठरवणाऱ्यांना जतच्या आठवडी बाजारात एक फेरी मारायला लावावी.

ऊसतोडीच्या हंगामात बीड, जालना, नगरकडून येणारी माणसं मराठीच, तरी ती ‘तिकडची’. इथे साच्याला पैशाचा आधार आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. वाहतूकदार मुकादमाला लाखांची उचल देतो. काही मुकादम टोळी न आणताच गायब होतात, पोलिसांत गुन्हे दाखल होतात, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात. बुडालेला तरुण ‘बीडवाले असलेच’ म्हणतो तेव्हा त्याच्या रागाला कारण असतं. पण ज्या मुकादमाने बुडवलं तो उसाच्या फडात नसतो. फडात असतात कोयता घेऊन उतरलेले नवरा-बायको, ज्यांच्या अंगावर त्याच उचलीचं कर्ज आहे. शिवी मात्र हाताशी असलेल्याला बसते. नळावर पाणी भरताना, दवाखान्यात, पोराला शाळेत बसवताना. साचा खोटाच असतो असं म्हणणारे लोक इथे वादात हरतात. तो कधी कधी खऱ्या अनुभवातून निघतो आणि चुकीच्या माणसाकडून वसूल होतो.

वसुलीची शेवटची पायरी जत तालुक्यातल्या लवंग्यात दिसली. १३ सप्टेंबर २०२२. मथुरेकडचे चार साधू विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरतच होत्या. वेश वेगळा, भाषा हिंदी, मुलाशी बोलणं, एवढ्या पुराव्यावर जमावाने त्यांना काठ्यांनी, पट्ट्यांनी झोडपलं. चित्रफीत पसरल्यावर अटक झाली. साधूंनी स्वतः आधी तक्रारही दिली नव्हती. ते वाचले. त्याच्या चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण याच संशयावरून ठेचून मारले गेले होते. ते बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे जतच्या सीमेला लागून असलेल्या भागातले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी माणसं. जो वेश पाहून पूर्वी पसाभर धान्य मिळे त्याच वेशावरून जीव गेला. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. त्याच वर्षी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी वेगळं पोटकलम आहे. वंश आणि जन्मस्थान हे शब्द आपल्या कायद्यात असे खुनाच्या कलमात येऊन बसले. खोली नाकारणं, नाव न विचारता ‘बहादूर’ म्हणणं, यांच्यापर्यंत ते पोचत नाहीत, आणि पोचावेत की नाही याबद्दल माझं मन साशंक आहे. ईशान्येकडच्या नागरिकांसाठी नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये, दिल्लीत नीडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर, अशा अपमानासाठी स्वतंत्र कलमं सुचवली होती. ती झाली नाहीत. कोरोनाच्या काळात पुण्या-मुंबईत याच मुलांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या.

रंगाचा विषय आपण विनोदात घालवतो. घरातल्या सावळ्या पोराला ‘काळ्या’ म्हणायचं, त्यानेही हसून ओ द्यायची. वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात खेळत होता तेव्हा सहकारी त्याला ‘कालू’ म्हणत. अर्थ कळल्यावर, २०२० मध्ये, तो चिडला; मग त्यांच्यातल्या एकाशी बोलून, ते प्रेमाने होतं हे त्याने मानलं. दोन्ही बाजूंचे लोक हे उदाहरण आपापल्या सोयीने वापरतात. मला त्यात एकच गोष्ट दिसते. प्रेमाचं होतं की नाही हे ठरवण्याचा अधिकार सॅमीकडे होता, कारण तो सॅमी होता. बोलावून विचारण्याइतकं त्याचं वजन होतं. ज्या मुलीच्या स्थळाच्या माहितीपत्रकात ‘वर्ण’ हा रकाना असतो आणि त्यात भाऊ ‘निमगोरा’ लिहून टाकतो, तिला असं कोणाला बोलावून विचारता येत नाही. चेहरा उजळ करण्याच्या मलमाने त्याच वर्षी नावातला ‘फेअर’ काढला. रकाना आहे तसाच आहे.

नाव बदलून काय होतं, याचा या भागाला अनुभव आहे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. मुलींनी आपली नावं स्वतः निवडली, दाखल्यांवर ती चढली, आणि शाळेत हजेरी घेताना रोज होणारा अपमान थांबला. हे काम मोलाचं होतं. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यावं. कागद बदलले तिथे बदलले. पण क्रांतीनगर हे नाव ऐकताच तिथे कोण राहतं हे तालुक्याला कळतं, कारण दुसऱ्या आळीला ते नाव कोणी देत नाही. मुलीचं नाव बदललं तेव्हा ती तिच्या वर्गातच राहिली, इतरांमध्ये मिसळलेली. वस्ती होती तिथेच, गावाच्या कडेला.

मिसळण्याचा प्रयोग साताऱ्यातच शंभर वर्षांपूर्वी झाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुलं एका छपराखाली. स्वयंपाक, धुणं, झाडलोट सगळ्यांनी पाळीने करायची. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. स्वतः भाऊराव जैन, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेले. मुलांना समतेचं व्याख्यान कमी आणि एकाच पातेल्यातली आमटी जास्त, असा त्यांचा हिशेब होता. पाळीने पीठ मळणाऱ्या मुलाची जात कोणती, हा प्रश्न पंगतीला बसलेल्या भुकेल्या पोरांपुढे आठवडाभरही टिकत नसावा.

आज साताऱ्यात किंवा सांगलीत शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाला वसतिगृह शोधायचं असेल तर पहिल्यांदा प्रवर्ग पाहावा लागतो. समाजकल्याणचं वेगळं, आदिवासी विभागाचं वेगळं, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांचं वेगळं, मराठा विद्यार्थ्यांची सोय वेगळी, अल्पसंख्याकांची वेगळी. शिवाय समाजासमाजाची आपापली बोर्डिंगं. प्रत्येकामागे रास्त मागणी आहे, कित्येकांमागे मोर्चे आणि उपोषणं आहेत, आणि ती नसती तर बरीच मुलं शिकलीच नसती. काही ठिकाणी इतर प्रवर्गांसाठी थोड्या जागा राखूनही ठेवतात. तरी पाचवीपासून पदवीपर्यंत दुसऱ्या समाजातल्या मुलाबरोबर एक रात्रही एका खोलीत न झोपता शिक्षण पुरं करता येईल, इतकी ही व्यवस्था आता चोख आहे.